मशेरी, निकोटीन आणि आपली जबाबदारी

मुरुड परिसरातील एका कोळी भगिनीने काही महिन्यांपूर्वी मला विचारले, "डॉक्टर, मशेरी सोडली आणि पोट बिघडलं. परत लावू का?" शौचावाटे आव-रक्त जात होते. तपासणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले होते. एका औषध विक्रेत्याने तिला सांगितले होते की, निकोटीन हे या रोगावरचे औषधच आहे.

हे विधान निराधार नाही, अर्धसत्य आहे. म्हणूनच अधिक घातक आहे. धूम्रपान करणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो आणि ते सोडल्यावर काहींत तो उद्भवतो, हे निरीक्षण १९८०च्या दशकापासून मान्य आहे. १९९४ साली ब्रिटनमध्ये ७२ रुग्णांवर त्वचेवर लावावयाच्या निकोटीन-पट्टीची सहा आठवडे चाचणी झाली. पट्टी लावलेल्या ३५ पैकी १७ रुग्णांची लक्षणे पूर्ण शमली. औषधविरहित पट्टी लावलेल्या ३७ पैकी ९ जणांची. परंतु १९९५च्या पुढील चाचणीत रोग पुन्हा उलटू नये म्हणून दिलेली पट्टी निरुपयोगी ठरली. मळमळ, भोवळ, डोकेदुखी हे उपद्रव वेगळेच. प्रचलित औषधांपेक्षा ती सरस असल्याचेही सिद्ध झालेले नाही. उलट क्रोन रोगात धूम्रपानाने व्याधी बळावते.

शिवाय ही चाचणी मोजून दिलेल्या निकोटीनची होती, भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीची नव्हे. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवावयाच्या तंबाखूच्या अभ्यासात या रोगापासून संरक्षण आढळले नाही. मशेरीने मुखकर्करोगाचा धोका मात्र निश्चित वाढतो.

आपल्यातील काही जण तमाखूला शास्त्राधार शोधतात. चरकसंहितेतील धूमपानाच्या द्रव्यांत तमाखू नाही; ती पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आपल्याकडे आली. योगरत्नाकरात तिचे गुण वर्णिले आहेत, हे खरे. पण द्रव्याचा गुण सांगणे म्हणजे व्यसनास अनुमती देणे नव्हे. औषधनिर्मात्यांनी तर १९९२ची अधिसूचना विसरू नये. तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट, आयुर्वेदिक असली तरी, तिने बंद केली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली.

मग त्या भगिनीस काय सांगावे? मशेरी पुन्हा नाहीच. कोलायटिसची चालू औषधे, विशेषतः स्टिरॉइड, परस्पर बंद करू नयेत. रक्तातिसार व ग्रहणीच्या दृष्टीने कुटज, बिल्व यांची योजना वा पिच्छाबस्ती पोटविकारतज्ज्ञाशी विचारविनिमय करून, पूरक म्हणूनच करावी. ताप, वाढता रक्तस्राव किंवा पोट फुगणे दिसताच रुग्णालयात पाठवावे. मी हेच सांगितले. मशेरीची सवय सुटावी यासाठी तिच्या घरच्यांनाही बोलावून घेतले.

रुग्णाला पडलेला प्रश्न प्रामाणिक असतो; उत्तरही तितकेच प्रामाणिक हवे. आधुनिक संशोधनातील सोयीचा तेवढा अर्धा भाग उचलणे हे वैद्यास शोभत नाही, विक्रेत्यासही नाही. दुकानात कोणी असा प्रश्न विचारला, तर सल्ला देण्याऐवजी त्यास वैद्याकडे पाठवावे, एवढीच औषध विक्रेते बंधूंना विनंती.