आकाशातून आलेली रसद



वेढा म्हटलं, की तुम्हांला काय आठवतं? पन्हाळा आणि सिद्दी जौहर! नाहीतर राजाराम महाराजांची जिंजी. तिथला वेढा तर १६९० ते १६९८ असा चालला होता. वेढ्यात तोफांइतकंच महत्त्व कशाला असतं, सांगा पाहू? धान्याच्या कोठाराला! गडावरची रसद संपली, की गड पडतो. पण वेढा घालणाऱ्यांचीच शिदोरी आधी संपली तर? आज अशाच एका वेढ्याची हकिकत सांगते.

भारताचा नकाशा उघडा. ईशान्येला मणिपूर सापडलं? त्याच्या मध्यभागी इम्फाळचं खोरं आहे. भोवती डोंगर, मध्ये सपाट भातशेती. अगदी परातीसारखं! १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात, तिथे ब्रिटिश हिंदी लष्कराची चौथी कोअर होती. कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली मोठी फौज; एकेका डिव्हिजनमध्ये हजारो सैनिक. या कोअरचे सेनापती होते जनरल स्कून्स.

त्या मार्चमध्ये जपानी सेनापती मुतागुची यांच्या तीन डिव्हिजन ब्रह्मदेशातून डोंगर ओलांडून आल्या. त्यांनी बरोबर घेतलं होतं जेमतेम तीन आठवड्यांचं अन्न. इम्फाळ झटपट जिंकायचं आणि तिथल्याच कोठारांवर जेवायचं, असा त्यांचा हिशेब!

हा हिशेब चुकायला सुरुवात झाली सांगशाक या नागा खेड्यात. तिथे एक छत्रीधारी ब्रिगेड होती आणि तिच्या जोडीला होती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. होय, आपले मराठे! पाणी पुरेना, विमानांतून टाकलेलं सामानही बरंचसं शत्रूच्या हाती पडे. तरी २६ मार्चच्या रात्री मागे फिरण्याचा हुकूम येईपर्यंत ते लढले. त्याच दिवसांत अराकानच्या आघाडीवरून पाचवी हिंदी डिव्हिजन विमानांनी इम्फाळला उतरत होती. माणसं, तोफा, एवढंच काय, खेचरंसुद्धा! सांगशाकला मिळालेला एकेक दिवस म्हणूनच मोलाचा ठरला.

मार्चअखेर इम्फाळ-कोहिमा रस्ता तुटला. खोऱ्यात अडकले सुमारे दीड लाख लोक. आता एवढ्यांना जेवू कोण घालणार? उत्तर आलं आकाशातून. डाकोटा विमानं तांदूळ, पीठ, औषधं, दारूगोळा, पेट्रोल आणि घरची पत्रं घेऊन येत. परत जाताना रिकामी जात नसत, बरं का! सुमारे १३ हजार जखमी व आजारी आणि ४३ हजार न लढणारी माणसं त्यांनी बाहेर नेली. खाणारी तोंडं कमी झाली, शिधाही कमी केला. पावसाळ्यात डोंगर ढगांत बुडाले, तरी वैमानिक येतच राहिले.

आणि जपानी? तीन आठवडे कधीच उलटले होते. कोहिमाला लढणाऱ्या डिव्हिजनचे सेनापती सातो यांनी तर माणसं उपाशी मरतात, हे पाहून हुकूम नसतानाही माघार घेतली. अखेर २२ जूनला कोहिमाकडून आलेली फौज आणि इम्फाळहून निघालेली फौज रस्त्यावरच्या १०९ क्रमांकाच्या मैलाच्या दगडापाशी भेटल्या. वेढा उठला! सुमारे ८५ हजार जपान्यांपैकी निम्म्याहून जास्त मेले वा जायबंदी झाले. त्यांतले कितीतरी गोळीने नव्हे, तर भुकेने आणि रोगाने गेले.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जपान्यांबरोबर नेताजींच्या आझाद हिंद सेनेचे जवानही होते. मणिपुरातल्या मोइरांगला १४ एप्रिल १९४४ रोजी त्यांनी आपला झेंडा फडकवला. म्हणजे दोन्ही बाजूंना आपलीच माणसं! एक नोकरीच्या इमानाला जागत होता, दुसरा स्वातंत्र्यासाठी लढत होता. उपास, ताप आणि चिखल मात्र दोघांच्याही वाट्याला आला. आणि ज्यांनी ही लढाई मागितलीच नव्हती, त्या मणिपुरी आणि नागा गावकऱ्यांची घरं-शेतं तर तिच्या मधोमध सापडली.

आता पन्हाळ्याला सहलीला गेलात, की तोफांपाशी फोटो काढाच. पण अंबारखान्यातही डोकावा. त्या जाड भिंतींच्या धान्यकोठ्या कशासाठी बांधल्या, हे तुम्हीच बाईंना समजावून सांगा. सांगाल ना?