संगणक-ओळख : साठा जपा, वहीही जपा

संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींनो,

माहितीची फाईल दुरुस्त करताना जुनी पुसली गेली, असे कित्येकांचे होते. 'लेकएफएस' हे खुले सॉफ्टवेअर नोंदवलेली प्रत्येक आवृत्ती जपते. चुकले तर मागे जाता येते. भाड्याचा सर्व्हर नको. आपल्याच संगणकावर 'डॉकर'च्या कंटेनरमध्ये ते चालते.

पण ध्यानात ठेवा, कंटेनर काढून टाकला की आतले सारे जाते. म्हणून बाहेर डिस्कवर दोन 'व्हॉल्यूम' जोडा. एक साठ्यासाठी, म्हणजे फायलींसाठी. दुसरा वहीसाठी, म्हणजे आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या 'पोस्टग्रेस'साठी. वही गेली तर साठा असूनही माग लागत नाही. 'डॉकर कंपोज डाऊन' या आज्ञेला 'व्ही'ची खूण जोडू नका. तिने व्हॉल्यूमही पुसले जातात.

आवृत्ती म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डिस्क बिघडली तर साऱ्या आवृत्त्या एकदमच जातात. आठवड्यातून एकदा काम थांबवून दोन्हींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या.

पहिल्या दिवशी एखादी बिनमहत्त्वाची फाईल ठेवून कंटेनर मुद्दाम काढा, पुन्हा उभा करा. फाईल परत दिसली, तरच खरे काम त्यात ठेवा.