दारापर्यंत आलेले धोरण

ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना राज्यकारभाराची धोरणे काय कळणार, असा प्रश्न आपल्याकडे सुशिक्षित मंडळी मोठ्या सहजतेने विचारतात. मला तो प्रश्नच मुळात चुकीचा वाटतो. पुष्कळदा धोरण स्वतःच माणसाच्या दारात येऊन उभे राहते. ते ओळखायला वर्तमानपत्र वाचता यावे लागत नाही.

१९७७ ची लोकसभा निवडणूक पाहा. १९७१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरांचे प्रमाण जेमतेम ३४ टक्के होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, वृत्तपत्रांवर निर्बंध आले, विरोधी नेते तुरुंगात गेले. यातले सारेच खेड्यापाड्यांतील माणसाला जाणवले असेल असे नाही. परंतु कुटुंबनियोजनाच्या नावाखाली झालेली सक्ती त्याने अनुभवली. लोकसंख्येला आळा घालण्याचा हेतू गैर नव्हता; तथापि अधिकाऱ्यांना, इतकेच नव्हे तर शिक्षकांनाही, शस्त्रक्रियांचे आकडे ठरवून दिले गेले आणि ते आकडे भरण्यासाठी माणसे शोधली जाऊ लागली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या.

मार्च १९७७ मध्ये मतदान झाले. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही जागा सत्ताधारी काँग्रेसला मिळाली नाही. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी पराभूत झाल्या. दक्षिणेत सक्तीची झळ तुलनेने कमी पोहोचली होती. तेथे आंध्र प्रदेशात याच पक्षाने ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या. विरोधकांची एकजूट, जात, स्थानिक उमेदवार ही कारणेही होती, ती मी नाकारत नाही. पण केवळ त्यांच्या आधारे उत्तर व दक्षिण यांतील एवढी तफावत उलगडत नाही.

मतदार कायमचा रुसूनही बसला नाही. जनता पक्षातील भांडणांना आणि महागाईला तो लवकरच विटला. १९८० च्या प्रचारात तर कांद्याचा भाव हाच एक मुद्दा झाला आणि इंदिरा गांधींचा पक्ष ३५३ जागा जिंकून सत्तेवर परतला. मात्र १९७७ मध्ये ‘कुटुंबनियोजन’ हे सरकारी कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंबकल्याण’ करण्यात आले होते, ते या नव्या सरकारनेही तसेच ठेवले.