मोठा सिलिंडर, मोठा गैरसमज

मंडळी, वारणानगरच्या पोरांचं हल्ली एकच पालुपद: ब्रेकचा मास्टर सिलिंडर जितका मोठा, तितका ब्रेक भारी. साफ चूक! पिस्टनचा व्यास ११ मिमीवरून १४ केला, की क्षेत्रफळ १.६ पट होतं. मग तेवढाच दाब आणायला लिव्हरही १.६ पट जोरानं ओढावा लागतो. लिव्हर दगडासारखा लागतो, त्यालाच हे 'पॉवर' म्हणतात! गळीत हंगामात पुढची उसाची ट्रॉली अचानक थांबली, की कळते ती पॉवर.

कॅलिपरला जुळेल तोच व्यास घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला; ते हवेतलं पाणी शोषतं आणि पन्हाळ्याच्या उतारावर उकळतं. क्लच तर आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा केबलचाच, त्याला सिलिंडर कशाला?

दिसायला भारी की थांबायला भारी, तुम्हीच ठरवा. असो.