अर्धी घोडी

माझी स्वतःची घोडी आहे. म्हणजे अर्धी आहे. उरलेली अर्धी ऑफिसातल्या मित्राची. कुठली अर्धी कोणाची, यावरचे सगळे जोक कॅन्टीनमध्ये होऊन गेलेत, तेव्हा प्लीज, नको.

फ्लॅट घेतला म्हटलं की लोक ईएमआय विचारतात. गाडी घेतली की अ‍ॅव्हरेज. पण पार्टीत नुसतं म्हणून बघा, 'रोज सकाळी घोड्यावर असतो.' चार जण ग्लास घेऊन जवळ सरकतात. दोन वर्षं लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघणारे आमचे बॉस आता घोडीची खुशाली विचारतात. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासून आहे, तिथे डर्बीच्या दिवशी हॅट घालून मिरवणाऱ्यांना मी पूर्वी हसायचो. आता हसत नाही. त्याच मुंबईत घोड्याच्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या. म्हणजे घोडा तोच, तुम्ही त्याच्या पाठीवर आहात की मागे गाडीवर, एवढाच प्रश्न!

आमची घोडी काठेवाडी. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा बाजार भरतो, तिथून आणली. फोटोत फार देखणी दिसते. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे पहाटे साडेपाचला पुण्याबाहेरच्या तबेल्यात करायचा खरारा, दर सहा आठवड्यांनी नालबंदी, आणि साडेतीनशे किलोच्या बाईसाहेबांचा रोजचा सात-आठ किलो चारा-खुराक.

बाबा कधी बघायला आले नाहीत. ''पैसे देऊन लीद काढायला जातोस?'' एवढंच म्हणायचे. आजोबांचा साताऱ्यात टांगा होता. शाळेत बाबा 'टांगेवाल्याचा' म्हणूनच ओळखले जायचे. पुढे बँकेत लागल्यावर वडील काय करायचे असं कुणी विचारलं, की ते 'धंदा' म्हणून विषय बदलत. मी घोडी घेतली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे खरं सांगतो, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला मोतद्दाराचा फोन आला. घोडी खाली पडून लोळतेय. पार्टनर ऑनसाइटला. डॉक्टर तासाभराच्या अंतरावर. मी गाडीची किल्ली शोधत होतो, तर बाबा बूट घालून दारात.

''मान वळवून पोटाकडे बघतेय का, विचार त्याला.''

बघत होती.

''शूळ आहे. घोड्याला उलटी होत नाही रे. आत अडकलं की अडकलं. लोळू देऊ नका म्हणावं.''

तिथे पोचल्यावर त्यांनी दोरी हातात घेतली ती सोडलीच नाही. पासष्टीचा माणूस चिखलात घोडीला फिरवतोय. मध्येच थांबून तिच्या कुशीला कान लावतोय. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, लिक्विड पॅराफिन सोडलं, इंजेक्शनं दिली. मग नुसती वाट बघायची. तेव्हा बाबा बोलले. आजोबांची घोडी यातच गेली होती. बाबा तेव्हा दहावीत. रात्रभर दोघांनी आळीपाळीने फिरवली, सकाळी गेली. महिन्याभरात टांगा विकला आणि आजोबा दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलायला लागले.

पाचच्या सुमारास आमच्या घोडीने लीद टाकली. बाबा एवढे खूश झालेले मी माझ्या प्रमोशनलाही पाहिले नव्हते.

सोमवारी बॉसनी विचारलं. म्हटलं, बरी आहे. माझे आजोबा टांगा चालवायचे, हेही सांगून टाकलं.

''वॉव, व्हिंटेज!'' बॉस म्हणाले. यावर काय बोलणार?

आता दर रविवारी बाबा खिशात गाजरं घालून माझ्याआधी गाडीत बसलेले असतात. मोतद्दाराला तंग कसा आवळायचा ते शिकवतात, तो वैतागतो. पार्टनरचं ऑनसाइट लांबलंय, त्याला त्याचा वाटा विकायचाय. काल जेवताना मी सहज बोललो.

बाबांनी भाताकडे बघतच विचारलं, ''किती म्हणतोय तो?''