एक ओव्हन, दोन ट्रे

पेडणे-डिचोलीच्या आपल्या बहुतेक हिंदू घरांत सॉसेज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच राहते. त्यामागे थोडा इतिहास आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. आपले तालुके त्यांच्या हाती लागले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत. त्यामुळे कोलवाळच्या पुलापलीकडच्या ख्रिस्ती घरांत चोरिस मुरला, आणि अलीकडे आपल्याला तो ‘बाहेर खायचा’ पदार्थ झाला.

आमची पिढी तो बाहेर खातेच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लाल माळा बघायच्या, गाड्यावर चोरिस-पाव खायचा आणि घरी आल्यावर ‘ऑम्लेट-पाव खाल्ला’ म्हणून सांगायचे, असे माझ्या ओळखीचे कितीतरी जण आहेत. आता त्यांच्याच घरात ओव्हन आला आहे आणि मुले व्हिडिओ बघून चिनी सॉसेजचे स्प्रिंग रोल मागत आहेत. त्याच घरात सोमवारी शिवराक जेवणारी आई किंवा सासूही आहे. मग करायचे की नाही? माझे मत असे की करावे, पण उघडपणे करावे आणि पदार्थ समजून घेऊन करावा.

चिनी सॉसेजला कँटनी बोलीत ‘लाप चाँग’ म्हणतात. डुकराचे मांस आणि चरबी यांत मीठ, साखर, सोया सॉस आणि थोडी दारू घालून ते आतड्यात भरतात आणि वाळवतात. आपल्या चोरिसात मीठ, लाल मिरची, लसूण आणि माडाच्या सुरेचे व्हिनेगर असते. दोन्हींमागची युक्ती एकच, मांसातले पाणी कमी करून ते टिकवायचे. एकाची चव गोडसर, दुसऱ्याची आंबट-तिखट. गंमत म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरचे मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्याच पोर्तुगीज कारभाराखाली होते. तेव्हा हे दोन पदार्थ एकमेकांना अगदीच परके नाहीत.

लाप चाँग गोव्यात सहज मिळत नाही. आपल्या देशात त्याची जुनी जागा म्हणजे कोलकात्याच्या चिनी वस्त्या. ते नाही मिळाले तर चोरिस घ्या आणि सारणात माडाचा गूळ चिमूटभर घाला, म्हणजे ती गोडसर चव येते. मात्र हे दोन्ही पदार्थ वाळवलेले असले तरी कच्चेच असतात. पाकिटातून काढून मुलांच्या हातात देऊ नका, पूर्ण शिजवूनच वापरा.

आता भाजण्याबद्दल. कढईत रोल कुरकुरीत होतो, कारण गरम तेल पारीला सगळीकडून भिडते आणि तिच्यातले पाणी झटपट उडवते. ओव्हनमधली हवा तेवढी उष्णता देऊ शकत नाही. म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सारण अगदी कोरडे हवे आणि पारीला बाहेरून तेलाचा पातळ हात हवा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही माझी कामावरची सवय. तशीच मी स्वयंपाकघरात चार-पाचदा तुलना केली. तेल न लावलेली पारी कागदासारखी कडक आणि पांढरी राहते. सारण ओले असेल तर खालची बाजू मऊ पडते.

बारा रोलसाठी तीन लाप चाँग पुरतात. दहा मिनिटे वाफवा आणि बारीक चिरा. कोरड्या तव्यावर मंद आचेवर परता, म्हणजे चरबी सुटते. वेगळे तेल घालायची गरज नाही. त्याच चरबीत लसणाच्या पाच पाकळ्या, थोडे आले, दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी आणि एक किसलेले गाजर घालून मोठ्या आचेवर परता. पाणी आटले की चमचाभर सोया सॉस, मिरपूड आणि कांद्याची पात घाला. मीठ घालू नका, सॉसेजमध्ये भरपूर असते. चोरिस वापरत असाल तर वरचे आवरण आणि दोरा काढा, अर्धी वाटी पाणी घालून पंधरा मिनिटे शिजवा, पाणी आटवा आणि मग भाज्या घाला. सोया सॉस गाळा.

सारण ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम सारणाच्या वाफेने पारी फाटते. तयार पाऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवा. प्रत्येकीवर दोन चमचे सारण ठेवून घट्ट गुंडाळा आणि कड मैद्याच्या खळीने चिकटवा. बाहेरून तेलाचा हात लावा आणि रोल एकमेकांना न चिकटवता मांडा. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला वीस मिनिटे भाजा, मध्ये एकदा उलटा. रंग बदामी झाला की काढा.

आता दुसरा ट्रे. सॉसेज न खाणाऱ्यांसाठी नुसत्या कोबीचा रोल करून ठेवणे मला बरे वाटत नाही. दोन हरमलच्या मिरच्या भिजवून चार लसूण पाकळ्या आणि चमचाभर व्हिनेगर घालून वाटा. हरमलची मिरची आपल्या पेडण्याची, भौगोलिक मानांकन मिळालेली. दोनशे ग्रॅम बाजारातली अळंबी बारीक चिरून थोड्या तेलावर पाणी पूर्ण उडेपर्यंत परता, वाटण आणि मीठ घाला आणि पुन्हा कोरडे करा. चोरिसाचा मसाला या ट्रेलाही लाभतो. हे सारण आधी करा, रोल आधी वळा आणि वर तीळ लावा, म्हणजे ओळखू येतात. सुरी, पाट, तवा वेगळे. ओव्हनमध्ये हा ट्रे वरच्या कप्प्यात आणि सॉसेजचा खाली, म्हणजे चरबीचा थेंब त्यावर पडणार नाही.

मात्र एवढी व्यवस्था करण्याआधी विचारायला हवे. मी विचारले तेव्हा आई म्हणाली, “माझ्या कढईत नको, सोमवारी नको. बाकी तुझं तू बघ.” दुसऱ्या घरात उत्तर ‘एका ओव्हनमध्ये नकोच’ असेही येईल. तर मग त्यांचे रोल तव्यावर भाजावेत. ज्यांनी ते घर आजवर चालवले, त्यांचा तेवढा मान राखलाच पाहिजे. पण लपून खाण्यापेक्षा विचारून केलेले बरे. मुलांना त्यातून कळते की एका टेबलावर दोन प्रकारची माणसे बसू शकतात आणि कोणी कोणाला फसवत नाही.

एक सूचना आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत केली. म्हणून हा रोजच्या डब्याचा पदार्थ नव्हे. या रोलचा फायदा असा की एकात जेमतेम पाव सॉसेज जाते आणि तरी चव सगळीकडे पोचते. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी पुरे.

उरलेच तर फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच आठ मिनिटे गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ते लिबलिबीत होतात. तीळ लावलेले मात्र सहसा उरत नाहीत, म्हणून ते दोन-चार जास्तच करा.