औषधखरेदी : भाव एका ठिकाणी, मागणी गावागावांतून

सरकारी दवाखान्यातील डॉक्टर तपासणी आटोपून 'हे औषध बाहेरून आणा' अशी चिठ्ठी रुग्णाच्या हाती ठेवतात, तेव्हा शासनाची आरोग्यसेवा त्या टेबलापाशी संपते आणि पुढे बाजार सुरू होतो. ती चिठ्ठी घेऊन निघालेला शेतमजूर किंवा घरकाम करणारी बाई पुढे काय करते, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. कोणी उसनवारी करते, कोणी पाच दिवसांच्या गोळ्यांऐवजी दोनच दिवसांच्या घेते, कोणी दुखणे अंगावर काढते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च कुटुंबांनी थेट आपल्या खिशातून केला, आणि या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा औषधांचा असतो. विमा योजनांनी हा प्रश्न सुटत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाबाची गोळी वर्षभर रोज घेणाऱ्याच्या औषधाचा भार ती उचलीत नाही.

औषधे का नसतात, असे विचारले की दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले, पैसा नाही. दुसरे, पैसा खाल्ला जातो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने शासनाचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते; २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. भ्रष्टाचाराविषयी वेगळे लिहावयाचे कारण नाही. तथापि तरतूद वाढली आणि माणसे प्रामाणिक मिळाली, तरी औषध कपाटात आपोआप येत नाही. ते आणण्यासाठी खरेदीची व्यवस्था लागते. हा विषय निविदा, दरकरार, कोठारे आणि साठ्याच्या नोंदवह्या यांचा आहे. तो रुक्ष आहे, मोर्च्याच्या घोषणेत बसत नाही, आणि म्हणूनच आजवर तो अधिकारी व पुरवठादार यांच्यापुरताच राहिला. डाव्या व समाजवादी चळवळीने तो हाती घेतला पाहिजे, असे मला वाटते.

मोठ्या गिऱ्हाइकाचे सामर्थ्य

औषधांचा बाजार इतर बाजारांसारखा नाही. येथे निवड डॉक्टर करतो आणि पैसे रुग्ण देतो. घासाघीस करण्याइतके ज्ञान रुग्णापाशी नसते व तेवढा अवधीही नसतो. परिणामी एकच औषध वेगवेगळ्या व्यापारी नावांखाली कितीतरी पट फरकाच्या किमतींना विकले जाते. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ साली व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली, ती याच कारणाने. खाजगी बाजारात ती शिफारस मागे पडली. परंतु शासन स्वतः गिऱ्हाईक म्हणून बाजारात उतरते, तेव्हा मूळ नावाने औषध मागण्यास त्याला कोणाच्याही संमतीची गरज नसते. अर्थशास्त्रात ज्याला क्रेत्याची मक्तेदारी म्हणतात, ती एरवी आपण टीकेचा विषय मानतो. ऊस किंवा कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यापुढे एकच खरेदीदार उभा राहिला की तो भाव पाडतो. पण हेच सामर्थ्य जनतेच्या वतीने औषध कंपन्यांपुढे वापरले, तर ते लोकहिताचे साधन ठरते.

तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून हे करून दाखविले. आवश्यक औषधांची मर्यादित यादी करावयाची, मूळ नावाने निविदा मागवावयाच्या, तांत्रिक पात्रता व भाव यांची पाकिटे वेगळी ठेवावयाची, आणि मधल्या दलालाऐवजी उत्पादकाशीच व्यवहार करावयाचा, ही त्याची पद्धती. पुष्कळ राज्यांनी त्यातील निविदेचा भाग उचलला व आपण तामिळनाडूचा कित्ता गिरविला असे जाहीर केले. परंतु त्या व्यवस्थेचा प्राण निविदेनंतरच्या तीन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट पासबुकाची. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला व आरोग्य केंद्राला पासबुक दिले जाते व वर्षाची रक्कम त्यात मांडली जाते. दवाखान्याने आपल्या गरजेनुसार जिल्ह्याच्या कोठारातून औषध उचलावयाचे, आणि त्याची किंमत पासबुकातून वजा व्हावयाची. म्हणजे राजधानीतील कचेरी औषधांचे खोके गावाकडे ढकलीत नाही, तर गावाची मागणी राजधानीकडे जाते. दुसरी गोष्ट तपासणीची. कोठारात आलेला माल लगेच वाटला जात नाही. त्याचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळांकडे जातात, आणि ते उत्तीर्ण झाल्यावरच मालाचे वाटप होते. नापास माल पुरवठादाराने परत न्यावयाचा, आणि वारंवार चूक करणाऱ्याचे नाव काळ्या यादीत जावयाचे. तिसरी गोष्ट देयके वेळेवर चुकती करण्याची. पैसे केव्हा मिळतील याची शाश्वती नसलेला पुरवठादार त्या अनिश्चिततेची किंमत आपल्या भावात आधीच मिळवून ठेवतो. नाही तर चांगला उत्पादक निविदेपासून दूर राहतो आणि ज्याला दुसरीकडे कोणी विचारीत नाही, तो पुढे येतो.

हे केवळ दक्षिणेत शक्य आहे, असेही नाही. आरोग्याच्या बाबतीत दीर्घकाळ मागासलेल्या मानल्या गेलेल्या राजस्थानने २०११ साली याच धर्तीवर महामंडळ स्थापले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधांची योजना सुरू केली.

विकेंद्रीकरणाचे काय?

येथे आपल्यातील अनेकांच्या मनात एक आक्षेप उभा राहील, आणि तो क्षुल्लक नाही. डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याची कल्पना मानणाऱ्यांनी राज्याच्या राजधानीत बसलेल्या एकाच खरेदीदाराचे समर्थन कसे करावे? सारी खरेदी एका टेबलावर आली, की सारी टक्केवारीही त्याच टेबलावर येणार नाही काय?

आक्षेप रास्त आहे, म्हणूनच कोणती गोष्ट एकत्र करावयाची आणि कोणती विखुरलेली ठेवावयाची, हे स्पष्ट केले पाहिजे. तालुक्याच्या दवाखान्याने एकट्याने कंपनीशी भाव ठरविला, तर तो किरकोळ गिऱ्हाइकापेक्षा फारसा बलवान नसतो. जिल्ह्याजिल्ह्याने स्वतंत्र निविदा काढल्या, तर पुरवठादारांना जिल्हे आपापसांत वाटून घेणे सोपे जाते. म्हणून भाव ठरविण्याचे काम एकत्र झाले पाहिजे. परंतु कोणते औषध, किती आणि केव्हा हवे, याचे ज्ञान राजधानीत नसते. पावसाळ्यात कोठे सर्पदंश वाढतात, ऊसतोडीच्या हंगामात कोणत्या केंद्रावरील गर्दी घटते आणि कोठली वाढते, हे त्या केंद्रातील औषधनिर्माणाधिकारी व परिचारिका यांना ठाऊक असते. हा निर्णय त्यांच्या हाती राहिला पाहिजे, व तातडीच्या स्थानिक खरेदीसाठी थोडी रक्कमही त्यांच्या हाती असली पाहिजे. भाव एका ठिकाणी ठरावा आणि मागणी गावागावांतून यावी, हेच या प्रश्नापुरते विकेंद्रीकरण होय.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राने एकत्रीकरण केले. परंतु वरच्या टोकाला. २०१७ साली सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण आदी खात्यांची खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आली. हाफकिन ही लस तयार करणारी संस्था. तिच्यावर साऱ्या राज्याच्या खरेदीचे काम पडले, आणि विलंबाच्या व तुटवड्याच्या तक्रारी पुढील काळात होत राहिल्या. अखेर २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला. अशा वादाचा निकाल आरोप-प्रत्यारोपांनी लागत नाही. त्या दिवशी कपाटात कोणते औषध किती होते, हे सांगणारी व कोणत्याही नागरिकास पाहता येणारी नोंद असेल, तरच तो लागतो. स्वतंत्र प्राधिकरण होणे ही योग्य दिशा आहे. परंतु पासबुक, तपासणी आणि वेळेवर देयके यांवाचून ते केवळ पाटी बदललेले कार्यालय ठरेल.

तपासणीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत या राज्याने पूर्वीच मोजली आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले औद्योगिक वापराचे ग्लिसरीन औषध म्हणून पोहोचले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासन आणि मंत्र्यांच्या दालनापर्यंत दोषांची साखळी उघड केली. त्या अहवालाला साडेतीन दशके लोटल्यावर, २०२३-२४ मध्ये, नागपूर जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांना पुरविलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे आढळले. सर्वांत कमी भाव भरणाऱ्याची निविदा स्वीकारणे हा नियम हिशेबतपासणीच्या दृष्टीने सुरक्षित असतो, कारण तो मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. पण गुणवत्तेची चाळण आधी लावल्याशिवाय हा नियम प्रामाणिक उत्पादकाला बाहेर घालवितो व भेसळ करणाऱ्याला आत घेतो.

थकबाकीची गोष्टही तशीच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या रुग्णालयांना औषधे पुरविणाऱ्यांनी थकलेल्या देयकांपायी पुरवठा थांबविण्याचा पवित्रा घेतला. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेची ही कथा आहे. तिजोरीत पैसा असणे आणि तो वेळेवर पुरवठादारापर्यंत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यंत्रसामग्रीच्या बाबतीत तर खरेदीची कल्पनाच अपुरी आहे. औषध वापरले की संपते. यंत्र मात्र दहा वर्षे चालवावे लागते. त्यास विजेचा योग्य दाब, चालविणारा तंत्रज्ञ, सुटे भाग आणि देखभालीचा करार लागतो. मे २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठासमोर आलेल्या माहितीनुसार, तेथील शासकीय रुग्णालयास केंद्राकडून मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरांपैकी वापरावयास काढलेले ११३ सदोष आढळले. केंद्राने मात्र दोष यंत्रांचा नसून हाताळणीचा असल्याची बाजू घेतली. दोष कोणाचाही असो, त्या खाटेवरील रुग्णाला श्वास मिळाला नाही. म्हणून यंत्राची निविदा ही यंत्र, प्रशिक्षण आणि पुढील वर्षांची देखभाल मिळून एकच असली पाहिजे, आणि यंत्र चालू असलेल्या दिवसांवर पैसे अवलंबून असले पाहिजेत. मार्चअखेर निधी संपविण्यासाठी घेतलेले आणि खोक्यातच राहिलेले यंत्र हा खर्च नव्हे, ती नासाडी होय.

आणखी एक गोष्ट. क्रेता कितीही मोठा झाला, तरी विक्रेत्यांनी संगनमत केले तर तो अडतो. त्या वेळी शासनाच्या हाती स्वतःचे उत्पादन असावे लागते. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, ती या विचारातून. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या धोरणात्मक विक्रीचा आणि आय.डी.पी.एल. बंद करण्याचा निर्णय घेतला. तोट्यातील कारखाने असा त्यांचा हिशेब मांडला गेला. खाजगी कंपन्यांच्या भावाला आळा घालणारा पर्याय म्हणून त्यांचे मोल त्या हिशेबात कोठेच धरले गेले नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आपल्या मागण्या मोजक्या व नेमक्या असाव्यात. प्रत्येक केंद्राला पासबुक मिळावे. मालाच्या प्रत्येक गटाची तपासणी वाटपापूर्वी व्हावी व तिचे निकाल जाहीर व्हावेत. देयकांस मुदत असावी आणि ती टळल्यास व्याज द्यावे लागावे. मंजूर भाव, पुरवठादारांची नावे व प्रत्येक दवाखान्यातील रोजचा साठा लोकांसमोर मांडला जावा. यातील शेवटच्या मागणीसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम शासनाला अशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्यास बांधून घेते.

परंतु मागणीपत्र देऊन थांबता येणार नाही. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला, जनसुनवाया झाल्या, आणि गावकऱ्यांनी डॉक्टर व अधिकाऱ्यांसमोर उभे राहून प्रश्न विचारले. तो अनुभव आपल्या पाठीशी आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक प्राथमिक आरोग्य केंद्र निवडावे, आवश्यक औषधांपैकी वीस औषधांची यादी करावी, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जाऊन त्यांतील किती उपलब्ध आहेत हे वहीत लिहावे. 'बाहेरून आणा' म्हणून दिलेल्या चिठ्ठ्यांची नोंद ठेवावी. केंद्रातील कर्मचाऱ्यांशी भांडू नये. ते बहुधा आपल्याइतकेच या व्यवस्थेने गांजलेले असतात, आणि खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळते. सहा महिन्यांची ही वही ग्रामसभेत व रुग्ण कल्याण समितीत वाचून दाखवावी, आणि तिची प्रत जिल्हा परिषदेकडे व खरेदी प्राधिकरणाकडे धाडावी. शंभर केंद्रांच्या अशा शंभर वह्या एकत्र आल्या, की 'औषधसाठा पुरेसा आहे' हे विधान सभागृहात करणाऱ्या मंत्र्यांना ते कोणत्या केंद्राविषयी बोलत आहेत, असे नाव घेऊन विचारता येईल.